किलिप वर्गीकरण

हृदयविकाराचा तीव्र झटका आलेल्या रुग्णाच्या जिवाला किती धोका आहे, याचा अंदाज खाटेजवळच्या तपासणीवरून बांधण्याची पद्धत. अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ थॉमस किलिप आणि त्यांचे सहकारी जॉन किंबॉल यांनी न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयाच्या हृदयरुग्ण अतिदक्षता विभागातील दोन वर्षांच्या, २५० रुग्णांच्या अनुभवावरून ती १९६७ मध्ये मांडली. नाव मात्र एकट्या किलिप यांचेच रूढ झाले.

झटक्यात हृदयाच्या स्नायूचा काही भाग मरतो. डावा खालचा कप्पा रक्त पुढे ढकलण्यात कमी पडला, की ते मागे फुप्फुसांकडे तुंबते आणि त्यातले पाणी वायुकोशांत झिरपू लागते. रुग्णाला बसवून पाठीवर स्टेथोस्कोप टेकवला, तर श्वास आत घेताना, विशेषतः तळाशी, बारीक चरचर ऐकू येते. कानाजवळ केसांची बट बोटांत चोळावी तशी. अशा खुणांवरून रुग्णांचे चार वर्ग पाडले जातात. पहिल्या वर्गात यातली कोणतीही खूण नसते. दुसऱ्यात फुप्फुसांच्या खालच्या भागात चरचर किंवा हृदयाचा तिसरा ध्वनी आढळतो, मानेतील शीर फुगलेली दिसू शकते. तिसऱ्यात फुप्फुसे पाण्याने भरून रुग्णाला उघड धाप लागते. चौथा वर्ग शॉकचा: वरचा रक्तदाब ९० किंवा त्याखाली, हातपाय गार, घाम, लघवी कमी.

मूळ नोंदीत रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण वर्गागणिक ६, १७, ३८ आणि ८१ टक्के असे चढत गेले होते. हे आकडे आज जसेच्या तसे लावू नयेत. तेव्हा रक्ताची गुठळी विरघळवणारी औषधे सर्रास दिली जात नव्हती आणि अँजिओप्लास्टी तर आलीच नव्हती. आता चारही वर्गांतील मृत्यू घटले आहेत. शॉकमध्ये मात्र अजूनही साधारण ४० ते ५० टक्के रुग्ण दगावतात. आकडे बदलले तरी पायऱ्यांचा क्रम टिकला, हेच या पद्धतीचे खरे यश म्हणावे लागेल. २००० मधील ‘टिमी’ आणि २००३ मधील ‘ग्रेस’ या धोका मोजणाऱ्या गुणांकांत वय, नाडी, रक्तदाब यांच्या जोडीला किलिप वर्गही मोजला जातो. ‘ग्रेस’ त्यात क्रिएटिनिन, ईसीजीतील बदल वगैरेंची भर घालतो.

मर्यादाही आहेत. दम्याच्या किंवा जुनाट फुप्फुसविकाराच्या रुग्णात चरचर फसवी ठरू शकते. उजव्या कप्प्याच्या झटक्यात रक्तदाब कोसळूनही फुप्फुसे स्वच्छ राहतात. वर्ग तासातासाला पालटू शकतो, म्हणून दाखल होतानाचा वर्ग नोंदवून तपासणी पुन्हा करावी लागते. शिवाय टक्केवारी समूहाची असते. नातेवाईक विचारतात ते ‘आमच्या माणसाचं काय?’, आणि ‘७२ तास काही सांगता येत नाही’ हे दवाखान्यातील ठराविक उत्तर ऐकायला कितीही टाळाटाळीचे वाटले, तरी ते बरेचसे प्रामाणिक असते.

धोका केवळ रुग्णाच्या प्रकृतीवरूनही ठरत नाही. भारतात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ या नोंदवहीत तीव्र हृदयविकाराचे २० हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यात गरीब रुग्णांचे ३० दिवसांतील मृत्यू श्रीमंतांपेक्षा जास्त आढळले. मिळालेल्या उपचारांतील फरक हिशेबात धरल्यावर मृत्यूंमधला हा फरक उरला नाही. केवळ रुग्णांची मूळ प्रकृती आणि जोखमीचे घटक जमेस धरून तो जात नव्हता.