पेरेत्स मार्किश : राजाश्रयाची किंमत



१२ ऑगस्ट १९५२ रोजी मॉस्कोत तेरा माणसांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यांत चार कवी होते आणि एक कादंबरीकार. हे पाचही जण यिद्दिश भाषेत लिहीत. चार कवींपैकी एकाला त्याच सरकारने १९३९ साली 'ऑर्डर ऑफ लेनिन' हे मोठ्या मानाचे पदक दिले होते. त्याचे नाव पेरेत्स मार्किश. पदक देणारा हात तेरा वर्षांनी गोळी का घालतो, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

यिद्दिश ही पूर्व युरोपातील ज्यूंची घरातली आणि बाजारातली बोली. कूळ जर्मन, लिपी हिब्रू, आणि शेजारच्या स्लाव्ह भाषांतून आलेले शब्दही पुष्कळ. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ती बोलणारे सुमारे एक कोटी लोक होते. पण तिला स्वतःचे राज्य कधीच नव्हते. अशा भाषेत मार्किश १८९५ साली युक्रेनमधील पोलोन्नोये या गावी जन्मला. झारच्या सैन्यात शिपाई म्हणून त्याने पहिले महायुद्ध पाहिले. पुढे युक्रेनमध्ये ज्यूंच्या सरसकट कत्तली झाल्या, तेव्हा प्रेतांच्या राशीवरच त्याने काव्य रचले. ते १९२१ साली वॉर्सात प्रसिद्ध झाले आणि तरुण मार्किशचे नाव यिद्दिश वाचकांत दुमदुमू लागले.

वॉर्सात १९२४ साली मार्किश आणि त्याचे काही लेखकमित्र यांनी एक वाङ्मयीन साप्ताहिक काढले. त्यामागे सरकार नव्हते. वाचकांच्या बळावर ते १९३९ पर्यंत, म्हणजे महायुद्ध पोलंडवर कोसळेपर्यंत, चालले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिचे प्रयोजन पुढे दिसेल.

१९२६ साली मार्किश सोव्हिएट रशियात परतला. यात नवल नव्हते. त्या काळी यिद्दिशच्या शाळा, नाटकगृहे, वृत्तपत्रे आणि प्रकाशनसंस्था सरकारी खर्चाने चालवणारे असे दुसरे मोठे राज्य नव्हते. ज्या भाषेला कोणी दारात उभे करीत नव्हते, तिला तेथे पाट मांडला गेला. पण पाट मांडणाऱ्याच्या अटी होत्या. यिद्दिशमधले हिब्रू शब्द परंपरेने जसे लिहीत तसे न लिहिता उच्चाराप्रमाणे लिहावेत, असा दंडक आला. धर्मग्रंथांशी असलेला धागा तुटावा, हा त्यातला एक हेतू. १९२९ साली मार्किशची कादंबरी आली, तेव्हा तिच्यातले क्रांतिवीर ज्यूच कसे, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला. मार्किशने पुढे जुळवून घेतले. त्याने स्टालिनवर स्तुतिकाव्यही लिहिले. हे आपण लपवू नये. तो निर्भय ऋषी नव्हता. आपल्या भाषेला निवारा हवा असलेला एक कवी होता.

हिटलरने रशियावर स्वारी केल्यावर, १९४२ साली, सरकारनेच ज्यू फॅसिस्टविरोधी समिती उभी केली. थोर नट सोलोमन मिखोएल्स तिचा अध्यक्ष; मार्किश तिचा सभासद. परदेशच्या ज्यूंकडून रशियासाठी सहानुभूती आणि पैसा मिळवणे हे तिचे काम. १९४३ साली मिखोएल्स आणि कवी इत्सिक फेफर हे सरकारच्याच आज्ञेने अमेरिकेला गेले. युद्ध संपले, अमेरिकेशी वैर जुंपले, आणि आज्ञेने केलेले तेच काम हेरगिरी ठरले.

१९४८ च्या जानेवारीत मिन्स्क येथे गुप्त पोलिसांनी मिखोएल्सला ठार केले आणि मोटारअपघाताचा देखावा रचला. मार्किशने त्याच्यावर शोककाव्य लिहिले. हा अपघात नसून खून आहे, अशी सूचना त्यात होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात समिती विसर्जित झाली, यिद्दिश वृत्तपत्र बंद झाले, प्रकाशनसंस्थेला टाळे लागले. १९४९ च्या जानेवारीत मार्किशला अटक झाली आणि त्याच वर्षी मॉस्कोचे यिद्दिश नाटकगृहही मिटले.

खटला ८ मे ते १८ जुलै १९५२ असा बंद दाराआड चालला. फिर्यादी पक्षाचा वकील नाही, आरोपींचाही नाही. तपासात मारहाण करून जबाब घेतले होते. ते इतके पोकळ होते की मुख्य न्यायाधीश चेप्त्सोव यालाच फेरतपास हवासा वाटला. पण वरून हुकूम आला की ठरलेला निकाल अमलात आणावा. फेफर हा तर गुप्त पोलिसांना सामील झालेला माणूस. गोळी त्यालाही चुकली नाही. मार्किशच्या पत्नीला आणि मुलांना १९५३ च्या आरंभी कझाकस्तानात हद्दपार केले. पती मारला गेला, हे तिला १९५५ साली कळले. त्याच वर्षी न्यायालयाने आरोप निराधार ठरवले!

आता त्या वॉर्साच्या साप्ताहिकाकडे वळू. ते बुडवायला परक्या सैन्याला सीमा ओलांडून यावे लागले. मॉस्कोतला यिद्दिशचा सारा संसार बंद करायला काही कागदांवरच्या सह्या पुरल्या. शाळा, रंगभूमी, छापखाना आणि कागद हे सारे एकाच धन्याचे होते. धन्याची मर्जी फिरली तेव्हा कवीला आपली एक ओळ छापून घ्यायला दुसरे दार उरले नव्हते. १९५९ पर्यंत सोव्हिएट देशात यिद्दिशचे एकही पुस्तक निघाले नाही.

राजाश्रय वाईट, असे माझे म्हणणे नाही. गरीब भाषेला शाळा हवी, ग्रंथालय हवे, आणि ती देणे राज्याचे कर्तव्यच आहे. पण राज्याने दिलेल्या घरात राहणाऱ्या भाषेने आपले म्हणून एक छोटेसे खोपटे बाहेर राखलेच पाहिजे : वर्गणीवर चाललेले एखादे नियतकालिक, चार वाचकांनी उभारलेला एखादा छापखाना. मार्किशची एक कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर १९६६ साली प्रसिद्ध झाली. तसे एक खोपटे त्याने आणि त्याच्या मित्रांनी वॉर्सात आपल्या साप्ताहिकाच्या रूपाने एकदा उभारले होते.