ब्रायटनच्या वाटा

लंडनच्या दक्षिणेस सुमारें पन्नास मैलांवर, ससेक्स परगण्यांत, इंग्लिश खाडीच्या कांठीं ब्रायटन वसलें आहे. आगगाडीनें येणाऱ्या पाहुण्यास या गांवीं नकाशाची फारशी गरज पडत नाहीं. स्टेशन टेकाडावर आहे आणि समुद्र खालीं. स्टेशनाच्या दारांतून बाहेर पडलें कीं क्वीन्स रोड हा सरळ रस्ता उतरणीस लागतो, व त्याच्या टोकाशीं पाण्याची करडी-निळी पट्टी दिसूं लागते. पुढचें काम पाय आपणच करतात.

परंतु हा रस्ता गांवाचा जुना रस्ता नव्हे. २१ सप्टेंबर १८४१ रोजीं लंडन-ब्रायटन लोहमार्ग पुरा झाला, तेव्हां स्टेशन गांवाबाहेर उंचावर एकटें उभें होतें, व खालीं उतरावयाचें म्हणजे आडवळणाच्या, अवघड चढणीच्या वाटेनें यावें लागे. येणारा पाहुणा असा ताटकळणें गांवाला परवडणारें नव्हतें. तेव्हां १८४५ सालीं मधली गरिबांची दाट वस्ती पाडून हा सरळ मार्ग काढण्यांत आला. ब्रायटनचा बहुतेक इतिहास असाच आहे. बाहेरून कोण येतो, कोणत्या वाहनानें येतो आणि त्याला कोठें फिरूं द्यावयाचें, यावर या गांवाची घडण झालेली आहे.

मूळचें गांव ओळखण्यास तीन रस्त्यांचीं नांवें पुरेशीं आहेत. ईस्ट स्ट्रीट, नॉर्थ स्ट्रीट आणि वेस्ट स्ट्रीट, म्हणजे पूर्व, उत्तर व पश्चिम. चौथी दिशा कोठें गेली? ती समुद्रानें नेली. दक्षिणेकडे कड्याखालीं वाळूवर कोळ्यांची वस्ती होती. १७०३ आणि १७०५ सालच्या दोन वादळांनीं ती पुसून टाकली, व तिच्याबरोबर साउथ स्ट्रीटही गेला. त्यापूर्वीं १५१४ सालीं फ्रेंच आरमारानें हें गांव जाळलें होतें. त्या आगींतून टेकडीवरचें सेंट निकोलसचें देवालय वांचलें, तें वस्तीपासून दूर होतें म्हणून.

या तीन रस्त्यांच्या पोटांत एके काळीं मोकळी जमीन होती व तेथें दोरखंडांसाठीं वाखाचें पीक घेत. कोळ्यांच्या गांवाला दोर हवेच. पुढें त्या जमिनीवर घरें दाटलीं आणि त्यांच्या फटींतून बोळ उरले. ‘लेन्स’ या नांवानें ओळखले जाणारे ते बोळ आज जवाहिऱ्यांच्या आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांनीं भरलेले आहेत. दोन भिंतींमधल्या अरुंद वाटेला ससेक्सच्या बोलींत ‘ट्विटन’ असा खास शब्द आहे. कांहीं ट्विटन इतके चिंचोळे आहेत कीं समोरून कोणी आला तर एकानें भिंतीशीं अंग चोरावें लागतें. पुण्याच्या जुन्या पेठांतले बोळ पाहिलेल्या माणसास येथें परकें वाटणार नाहीं.

अठराव्या शतकाच्या मध्यास हें गांव मोडकळीस आलें होतें. त्याला पुन्हां उभें केलें तें एका डॉक्टरानें. जवळच्या लुइस गांवचे डॉक्टर रिचर्ड रसेल यांनीं १७५० सालीं लॅटिन भाषेंत एक प्रबंध लिहून असें प्रतिपादिलें कीं, गांठींच्या रोगांवर समुद्राचें पाणी गुणकारी आहे. त्यांत स्नान तर करावेंच, शिवाय तें प्यावें. दुसऱ्या भागाविषयीं आजचा वैद्य कांहीं वेगळें सांगेल. पण त्या काळच्या श्रीमंत रोग्यांनीं दोन्ही भाग निष्ठेनें पाळले. १७५३ सालीं डॉक्टर स्वतःच समुद्राशेजारीं घर बांधून राहिले, आणि रोग्यांच्या घोडागाड्या ब्रायटनच्या वाटेला लागल्या. रोग्याला चाकांवरच्या लाकडी खोलींत बसवून पाण्यांत नेत, व तेथें धट्ट्याकट्ट्या कोळणी त्याला धरून लाटेखालीं बुडवून काढीत. त्या कोळणींतील मार्था गन हिची कीर्ति राजघराण्यापर्यंत पोंचली होती. तिची कबर सेंट निकोलसच्या आवारांत आहे.

१७८३ सालीं युवराज जॉर्ज, म्हणजे पुढें राज्यावर आलेले चौथे जॉर्ज, येथें प्रथम आले व गांवावर लुब्ध झाले. १७८७ सालीं हेन्री हॉलंड या वास्तुशिल्पीनें त्यांच्यासाठीं एक नेटकें घर बांधलें. परंतु युवराजांची हौस नेटकेपणावर भागणारी नव्हती. १८०३ पासून विल्यम पॉर्डन यानें शेजारीं घोड्यांची पागा बांधावयास घेतली, तिच्यावर सुमारें ८० फूट व्यासाचा कांचेचा घुमट चढविला व तिला हिंदुस्थानी वळण दिलें. घोडे अशा थाटांत राहूं लागल्यावर मालकाचें घर साधें दिसूं लागलें, यांत नवल नाहीं. म्हणून १८१५ ते १८२२ या काळांत जॉन नॅश यानें मूळ घराभोवतीं ओतीव लोखंडाचा सांगाडा उभारून त्यावर कांद्याच्या आकाराचे घुमट, मिनार आणि दगडी जाळ्या चढविल्या. हाच तो रॉयल पॅव्हिलियन. बाहेरून हिंदुस्थान आणि आंतून बहुतांशीं चीन! नॅश किंवा युवराज यांनीं हिंदुस्थान कधीं पाहिला नव्हता. थॉमस व विल्यम डॅनिएल या चुलत्या-पुतण्यांनीं प्रवास करून काढलेलीं इमारतींचीं चित्रें, एवढाच त्यांचा आधार. दिल्ली-आग्र्याचा जाणता माणूस त्या घुमटांकडे पाहून गालांतल्या गालांत हंसेल. पण करड्या आभाळाखालीं त्यांची गंमत वाटल्यावांचून राहत नाहीं, हेंही खरें.

राजाच्या मागोमाग लोक आले. १८०१ सालीं सात हजारांच्या घरांत असलेली लोकसंख्या १८५१ पर्यंत ६५,००० च्या वर गेली. घोडागाडीला लंडनहून पांच-सहा तास लागत. आगगाडी दोन तासांच्या आंत-बाहेर आणूं लागली, आणि १८४४ पासून स्वस्त सहलींच्या गाड्या सुरू झाल्यावर लंडनचा कारकून व कामगारही सुटीच्या दिवशीं समुद्र पाहूं लागला. ही गर्दी व्हिक्टोरिया राणीस मानवली नाहीं. १८४५ नंतर ती येथें आलीच नाहीं, आणि १८५० सालीं गांवानें तो राजवाडा ५३,००० पौंडांना विकत घेतला. ही खरेदी ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पुढें तिचें काम पडणार आहे.

पॅव्हिलियनपासून किनाऱ्यावर येऊन पूर्वेकडे वळलें कीं एक चिमुकली आगगाडी दिसते. ब्रायटनच्याच एका जर्मन घड्याळजीचा मुलगा मॅग्नस व्होक यानें ४ ऑगस्ट १८८३ रोजीं ही विजेची गाडी सुरू केली. चालू असलेल्या विजेच्या रेल्वेंत जगांतील सर्वांत जुनी ती हीच. तेवढ्यानें व्होकचें समाधान झालें नाहीं. रॉटिंगडीन गांवापर्यंत जावें तर वाटेंत कडे आडवे येत. तेव्हां त्यानें रूळच समुद्राच्या तळाशीं घातले आणि सुमारें २४ फूट उंचीच्या चार पायांवर एक प्रशस्त डबा उभा केला. भरतीच्या वेळीं हें प्रचंड जनावर लाटांतून संथपणें चालत जाई. कायद्यानें तें जहाज ठरल्यामुळें त्यावर कप्तान नेमावा लागला व जीवरक्षक होडी टांगावी लागली. २८ नोव्हेंबर १८९६ ला तें चालूं लागलें आणि आठवडाभरांतच, ४ डिसेंबरच्या रात्रीं, वादळानें उलथून टाकलें. त्याच रात्रीं १८२३ सालचा ब्रायटनचा जुना सांखळदंडी धक्काही वाहून गेला. व्होकनें गाडी दुरुस्त करून पुन्हां चालविली. १९०१ मध्यें मात्र ती कायमची थांबली. ओहोटीला तिच्या रुळांचे कांहीं ठोकळे अजून उघडे पडतात.

किनाऱ्यानें परत पश्चिमेकडे येतांना, ईस्ट स्ट्रीट समुद्राला मिळतो तेथें क्वीन्स हॉटेल लागतें. या जागीं एका भारतीयाचें स्नानगृह होतें. साके दीन महंमद यांचा जन्म १७५९ मध्यें पाटण्याचा. कंपनीच्या पलटणींत नोकरी करून ते आयर्लंडला गेले. तेथें १७९४ सालीं त्यांनीं आपल्या प्रवासाचें पुस्तक इंग्रजींत छापलें. इंग्रजींत पुस्तक लिहिणारे पहिले भारतीय तेच. १८१० सालीं लंडनमध्यें त्यांनीं हिंदुस्थानी पद्धतीचें उपाहारगृह काढलें. त्यांत दिवाळें वाजलें. १८१४ च्या सुमारास ते ब्रायटनला आले आणि वाफेच्या स्नानानंतर अंग चेपून देऊं लागले. आपली ‘चंपी’ ती हीच. इंग्रजांच्या तोंडीं तिचें ‘शॅम्पू’ झालें, आणि डोक्याच्या साबणाला तें नांव पुढें कधींतरी चिकटलें. बऱ्या झालेल्या रोग्यांनीं टाकून दिलेल्या कुबड्या महंमद आपल्या भिंतीवर टांगून ठेवीत. जाहिरातीची कला त्यांना शिकवावी लागली नसती. चौथे जॉर्ज व चौथे विल्यम या दोन राजांचे अंगमर्दक म्हणून त्यांची नेमणूक झाली. १८५१ मध्यें ते वारले व मार्था गनप्रमाणेंच सेंट निकोलसच्या आवारांत विसांवले. चित्रांवरून घडविलेला हिंदुस्थान राजवाड्यावर मिरवत असतांना त्याच राजवाड्याच्या मालकाचे खांदे खरा हिंदुस्थानी माणूस चेपीत होता.

याच किनाऱ्याच्या गोट्यांवर १९०९ सालीं विनायक दामोदर सावरकरांनीं समुद्राला उद्देशून ती कविता रचली, जी मराठी घरांत अजूनही गाइली जाते.

पुढें पांचच वर्षांनीं ब्रायटनला शेंकड्यांनीं भारतीय आले, ते स्ट्रेचरवरून. १९१४ च्या महायुद्धांत फ्रान्स व फ्लँडर्सच्या चिखलांत हिंदी पलटणी लढत होत्या. त्यांच्या जखमी शिपायांसाठीं डिसेंबर १९१४ मध्यें पॅव्हिलियन, तो घुमटाचा तबेला आणि गांवांतील आणखी दोन इमारती इस्पितळें झाल्या. झुंबरांखालीं खाटा मांडल्या गेल्या. पॅव्हिलियन व घुमट मिळून सातशेंहून अधिक. निरनिराळ्या जाती-धर्मांसाठीं नऊ स्वयंपाकघरें काढलीं. हिंदूंसाठीं व मुसलमानांसाठीं पाण्याचे नळ वेगळे, व त्यांवर उर्दू, हिंदी आणि गुरुमुखी पाट्या. या सर्व इस्पितळांत मिळून बारा हजारांच्या आसपास जखमी येऊन गेले. ऑगस्ट १९१५ मध्यें पॅव्हिलियनच्या हिरवळीवर राजे पांचवे जॉर्ज यांनीं जमादार मीर दस्त यांच्या छातीवर व्हिक्टोरिया क्रॉस लावला.

सेवा मनापासून झाली, यांत शंका नाहीं. शिपायांनीं घरीं लिहिलेल्या पत्रांतून त्या थाटाचें कौतुक ओसंडतें. मात्र तीं पत्रें आधीं सरकारी तपासनीस वाचीत, हें विसरतां येत नाहीं. शिवाय राजानें आपला राहता वाडा शिपायांसाठीं मोकळा करून दिला, अशी समजूत मुद्दाम पसरूं देण्यांत आली. वाडा ६४ वर्षांपूर्वींच गांवानें पैसे मोजून घेतलेला होता. पण ही गोष्ट पंजाबांत किंवा गढवालांत पोंचण्याचें कारण नव्हतें.

आणि या गांवीं ज्याच्या पायांना सहज उतार सांपडतो, तो उतार या पाहुण्यांना मोकळा नव्हता. बरे होऊं लागलेल्यांना मोटारींतून फेरफटका घडवीत, तो सोबत माणूस देऊन. निराधारांच्या वर्कहाउसमध्यें उघडलेल्या किचनर इस्पितळाच्या भिंतींवर तर कांटेरी तारा ओढल्या गेल्या आणि दारावर पहारा बसला. इंग्रज स्त्रियांशीं यांची ओळख वाढेल, ही धास्ती अधिकाऱ्यांना रात्रंदिवस होती. ज्यांनीं इंग्लंडसाठीं गोळ्या झेलल्या, त्यांना इंग्लंडचा एक रस्ता एकट्यानें ओलांडतां येऊं नये! चार पायांवर चालणारी गाडी समुद्रांत सोडण्याचें धाडस ज्या गांवानें केलें, तेथें हें व्हावें, याचें वाईट वाटतें. १९१५ च्या अखेरीस हिंदी पायदळ मेसोपोटेमियाकडे हलविलें गेलें, व १९१६ च्या आरंभीं पॅव्हिलियनमधलें इस्पितळ मिटलें.

जे बरे झाले नाहींत त्यांतील मुसलमानांचें दफन वोकिंग येथें झालें. तेथें १८८९ पासून मशीद आहे. हिंदु व शीख यांच्यासाठीं पॅचम गांवाच्या वर, डाउन्सच्या उघड्या टेकड्यांवर, दहनभूमि केली. तेथें ५३ जणांना अग्नि दिला गेला व त्यांची रक्षा ब्रायटनच्या समुद्रांत सोडली गेली. त्या जागेवर ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुशिल्पीनें, सर सॅम्युएल स्विंटन जेकब यांच्या देखरेखीखालीं, पांढऱ्या संगमरवराची छत्री योजिली. आठ खांब आणि त्यांवर घुमट. खालीं जुन्या चौथऱ्यांवर तीन मोठ्या शिळा. १ फेब्रुवारी १९२१ रोजीं युवराजांच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. ब्रायटनच्या सर्व घुमटांत हाच एक घुमट असा कीं जो हिंदुस्थानच्या माणसानें हिंदुस्थानच्या माणसांसाठीं काढला. दुसऱ्या महायुद्धांत तेथें सैन्याची कवायत चाले, आणि संगमरवरावर बंदुकीच्या गोळ्यांच्या खुणा उठल्या. पुढें सरकारी खर्चानें दुरुस्ती झाली.

छत्रीवर अर्पणाचा लेख होता, पण मृतांचीं नांवें नव्हतीं. तीं दगडांत कोरून तेथें उभीं करण्यास २०१० साल उजाडलें. छत्री बांधली गेल्यापासून ८९ वर्षांनीं, त्या वर्षाच्या सप्टेंबरांत, युद्धमृतांच्या कबरींची निगा राखणाऱ्या राष्ट्रकुलाच्या आयोगानें शेजारीं वेगळें स्मारक उघडलें.

दरवर्षीं जून महिन्यांत तेथें लोक जमतात. छत्रीपर्यंत गाडीरस्ता नाहीं. पॅचमकडून मेंढ्यांच्या कुरणांतून जाणारी पायवाट आहे, व तीहि चढणीची. वर पोंचणाऱ्यास पांढरा घुमट लांबूनच दिसतो. नांवें मात्र अगदीं जवळ गेल्यावर वाचतां येतात.