कमिटची वर्दी चॅटवर कशी पोचली?

मागच्या नोकरीत आमच्या टीमच्या चॅटवर एक बॉट होता. कुणी कोड पुश केला, बिल्ड तुटलं, की लगेच वर्दी द्यायचा. एकदा तो दोन दिवस गप्प होता. आम्हाला वाटलं, वा, सगळं सुरळीत चाललंय! प्रत्यक्षात तो ज्या जुन्या डेस्कटॉपवर चालायचा, तो कुणीतरी फॉरमॅट केला होता. आणि बिल्ड दोन्ही दिवस तुटलेलंच. तेव्हापासून मला ह्या वर्दीच्या इतिहासाचा नाद लागला.

पूर्वी कोड आपल्याच सर्व्हरवर असायचा. सबव्हर्जन घ्या किंवा गिट, रिपॉझिटरीत ‘हुक्स’ नावाचं एक फोल्डर असतंच. त्यात स्क्रिप्ट टाकली की कमिट आल्यावर ती आपोआप चालणार, मेल पाठवणार नाहीतर आयआरसीवर ओळ टाकणार. आयआरसी म्हणजे १९८८ मध्ये फिनलंडच्या यार्को ओइकारिनेननं लिहिलेलं चॅट, ओपन सोर्सवाल्यांचा जुना कट्टा. त्या कट्ट्यावर कितीतरी प्रोजेक्टांची वर्दी एकच फुकट सेवा द्यायची, सीआयए डॉट व्हीसी. (हेरखात्याशी काही संबंध नाही हं!) २०१२ मध्ये तिचा सर्व्हर चुकून पुसला गेला आणि सगळ्यांची वर्दी एकदम थांबली. आमच्या डेस्कटॉपचाच मोठा भाऊ म्हणा ना. त्याच सुमारास एरिक रेमंड यांचा ‘इर्कर’ आला. तो ज्यानं त्यानं आपापल्या मशीनवर चालवायचा.

पण तोवर कोडच दुसऱ्याच्या घरी राहायला गेला होता. गिटहब २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. सर्व्हर त्यांचा, तिथे तुमची स्क्रिप्ट ते कशाला चालवू देतील? मग उपाय असा निघाला, की तुम्ही फक्त यूआरएल द्यायचा, पुश झाला की ते त्यावर पोस्ट रिक्वेस्ट पाठवणार. ह्या कल्पनेला ‘वेबहुक’ हे नाव जेफ लिंडसेनं २००७ मध्येच दिलं होतं. कॅम्पफायरसारख्या चॅटसाठी गिटहबनं तयार जोडण्याही ठेवल्या होत्या, त्या २०१९ च्या जानेवारीअखेर बंद केल्या.

यूआरएल आला की भानगडही आली. पत्ता कळला तर कुणीही खोटी वर्दी देऊ शकतो. म्हणून सेटिंगमध्ये ‘सीक्रेट’चा रकाना असतो. त्यावरून गिटहब प्रत्येक निरोपावर एचएमएसी सही करतं, ती तुमच्या कोडनं तपासायची. तो रकाना रिकामा सोडू नका, प्लीज. स्लॅकच्या इनकमिंग वेबहुकचं उलट आहे, तिथे यूआरएल हीच किल्ली. तो पब्लिक रिपॉझिटरीत गेला, की तुमच्या चॅनलवर कुणीही लिहू शकतं.

आणि तुमच्या सर्व्हरनं दहा सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर गिटहब ती डिलिव्हरी फेल धरतं आणि स्वतःहून पुन्हा पाठवत नाही. म्हणजे पुन्हा तीच शांतता.

आताच्या टीममध्ये मी बॉटला रोज सकाळी दहाला ‘मी आहे’ असं बोलायला लावलंय. निम्म्या लोकांनी त्याला म्यूट केलंय.