‘सामना’ चित्रपटातील असंभाव्यता आणि एक प्रश्नवाक्य

विजय तेंडुलकर यांची पटकथा आणि जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन लाभलेला ‘सामना’ हा चित्रपट १९७४ मध्ये पूर्ण झाला व १९७५ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धाविभागात दाखविला गेला. साखर कारखान्याच्या बळावर पंचक्रोशी ताब्यात ठेवणारा हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) आणि रस्त्यावर बेवारस सापडलेला मद्यपी मास्तर (श्रीराम लागू) यांच्यातील हा संघर्ष ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ या एका प्रश्नाभोवती फिरतो. राजकीय रहस्यकथा म्हणून त्याची चिकित्सा केल्यास काही दुवे कच्चे आढळतात.

एक माणूस नाहीसा होतो आणि अवघे गाव मूग गिळून बसते, हा त्यांपैकी पहिला. मोताळ्यासारख्या कापसाच्या मुलखातील प्रेक्षकास ही शंका विशेष जाणवावी. कापूस घरात साठविता येतो, भाव पाहून विकता येतो. १९७२ मध्ये एकाधिकार खरेदी योजना आली तेव्हा खरेदीदाराच्या जागी प्रत्यक्ष शासनच उभे राहिले. उसाचे तसे नाही. तोडलेला ऊस वेळेत गाळला गेला नाही तर त्यातील साखर उतरते. म्हणून तोडीची पाळी ज्याच्या हाती, त्याच्या हाती शेतकऱ्याचे वर्ष. १९५० मध्ये प्रवरेच्या परिसरात सहकारी गाळप सुरू झाले ते या परावलंबनातून शेतकऱ्यास सोडविण्यासाठी. पुढे काही ठिकाणी अध्यक्षच नवा सावकार झाला. तेव्हा गावाचे मौन हा पटकथेचा दोष नव्हे. शिवाय १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १०८ व्या कलमानुसार, ज्याची सात वर्षे वार्ता नाही, त्याच्याच मृत्यूचे गृहीत धरले जाई. प्रेत हाती नसताना खून शाबीत होऊ शकतो हे खरे. परंतु त्यासाठी कोणी तरी तोंड उघडावे लागते.

दुसरा दुवा अधिक कच्चा आहे. इतका सावध सत्ताधीश, अशा माणसास स्वतःच्या वाड्यात ठेवून घेऊन आपले वैभव का दाखवितो? कुतूहल, आतिथ्याचा अभिमान, कौतुकाची भूक ही कारणे सुचतात. ती पुरेशी आहेत असे मात्र म्हणता येत नाही. फुले यांच्या अभिनयामुळे ही उणीव पाहताना झाकली जाते, इतकेच.

सर्वांत गंभीर आक्षेप तिसरा. केवळ एका प्रश्नाने हिंदुरावाची सत्ता कशी डळमळते? येथे वाक्यरचनेकडे वळावे लागते. ‘कांबळेला कोणी मारले?’ या प्रश्नात तृतीयान्त कर्ता अपेक्षित आहे. त्यात खून गृहीत असून विचारणारा आरोपकर्ता ठरतो. ‘कांबळे कोठे गेला?’ या प्रश्नात कर्तृत्व कांबळेकडेच जाते. तो आपल्या पायांनी गेला असे उत्तर विचारणाराच सुचवितो. ‘कांबळेचे काय झाले?’ या रचनेत मात्र ‘होणे’ हे अकर्मक क्रियापद असून कांबळे षष्ठीत आहे आणि घडविणाऱ्याची जागाच नाही. कोणावरही आरोप नाही. म्हणून हा प्रश्न भित्रा माणूसही उच्चारू शकतो, आणि त्याचा प्रतिवाद करायचा तर काही तरी सांगावेच लागते.

याच रचनेचा आणखी एक परिचित उपयोग आहे. मोताळ्याच्या काय किंवा कोणत्याही तालुक्याच्या तहसील कचेरीत आलेला मनुष्य विचारतो, ‘माझ्या अर्जाचे काय झाले?’ जी वस्तू दुसऱ्याच्या स्वाधीन होती, तिचा हिशेब मागण्याची ही भाषा आहे. ती एका माणसाविषयी वापरली की गावाचा कारभार पाहणारा आपोआप उत्तरदायी ठरतो. हिंदुरावाचे नाव न घेता प्रश्न त्याच्याच दारी जातो तो या वाटेने. कांबळे हे आडनाव जे सामाजिक स्थान सुचविते, ते लक्षात घेता या हिशेबास अधिकच धार येते. एरवी अशा माणसाचा हिशेब कोणी मागत नसे.

मास्तरचे वाड्यातील वास्तव्य तेवढे या विवेचनानेही सुटत नाही. तो प्रश्न वाड्याबाहेरून विचारला गेला असता, तर पटकथा अधिक निर्दोष झाली असती. पण मग यजमान आणि पाहुणा यांच्यातील जो विलक्षण स्नेह चित्रपटात रंगला आहे, त्यास जागाच उरली नसती.