मंडईची दोन नावे आणि व्हिडिओ गेमचा इतिहास

१/ पुण्याच्या मंडईचा इतिहास शोधणाऱ्याने जुन्या कागदपत्रांत केवळ ‘महात्मा फुले मंडई’ हेच नाव धुंडाळले, तर पहिली पन्नास वर्षे त्याच्या हाती लागणार नाहीत. १८८६ मध्ये खुली झालेली ही वास्तू तेव्हा मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ओळखली जाई.

२/ नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या बाजारावरील खर्चाला विरोध केला होता; तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९३८ मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच वास्तूला फुल्यांचे नाव मिळाले.

३/ व्हिडिओ गेमवर शोधनिबंध लिहिणाऱ्यापुढेही हाच पेच असतो. १९७२ मध्ये ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ आणि अटारीचा ‘पाँग’ आले. त्यांच्याविषयीचे जुने लेख ‘टीव्ही गेम’ किंवा ‘इलेक्ट्रॉनिक गेम’ या नावांखालीही दडलेले असतात. १९८१ मध्ये अमेरिकेत निघालेल्या मासिकाचे नावच ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ होते.

४/ नावाइतकेच विषयाचे खातेही फसवे असते. औरंगाबादच्या पंडित हरिकृष्णांनी १८७१ च्या सुमारास रचलेले ‘क्रीडाकौशल्य’ बुद्धिबळासारख्या खेळांची माहिती देते. पण ते ‘बृहज्ज्योतिषार्णव’ या ज्योतिषग्रंथाचा भाग आहे. केवळ खेळांचे कपाट पाहणाऱ्याला ते दिसणारच नाही.

५/ व्हिडिओ गेमवरील लेखही मानसशास्त्र, कायदा, अर्थशास्त्र, शिक्षण अशा विषयांच्या नियतकालिकांत विखुरलेले आहेत. या विषयाला वाहिलेले ‘गेम स्टडीज’ २००१ मध्ये सुरू झाले. ते इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. त्यातला एक चांगला लेख निवडावा. त्याच्या तळटीपांवरून मागे जावे आणि पुढे कोणी त्याचा आधार घेतला, तेही पाहावे.

६/ हा खटाटोप कशासाठी? ‘व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन’च्या २०२३ मधील पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आता बाजारात विकत मिळत नाहीत. खेळ हाती येत नाही, तेव्हा परीक्षणे, जाहिराती आणि माहितीपुस्तिका हाच पुरावा उरतो.

७/ ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम २०२० मध्ये पुण्यातच, नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने घडवला. उद्या त्याचा इतिहास लिहिणाऱ्यालाही असेच कागद शोधावे लागतील. ते सापडतील की नाही, हे आज ते कोण जपून ठेवतो आणि कोणत्या नावाने नोंदवतो, यावर ठरेल.