लाल बावटा आणि सांगोल्याचं पाणी

आमचं आजोळ माणदेशातलं, सांगोल्याच्या बाजूचं. तिथं गणपतराव देशमुखांना नावानं कुणी बोलत नाही, सगळे 'आबासाहेब' म्हणतात. एकाच मतदारसंघातून ११ वेळा आमदार, साधी राहणी, एसटीचा प्रवास... हे तुम्ही पेपरात वाचलेलं असणारच. मला कुतूहल आहे ते त्यांच्या पक्षाचं.

म्हणजे बघा, १९६२ साली ते शेकापकडून पहिल्यांदा निवडून आले तेव्हाच पक्षाला गळती लागलेली होती. ज्यांनी तो उभा केला ते केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे आधीच काँग्रेसमध्ये परतले होते. यशवंतराव चव्हाणांच्या 'बेरजेच्या राजकारणा'त आणखी कितीतरी जण गेले. कारखाना, बँक, धरण, सगळं सत्तेच्या वाटेनं यायचं, मग का नाही जाणार? आबासाहेब गेले नाहीत. १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला पुन्हा पडले, तेही अवघ्या १९२ मतांनी, शहाजीबापू पाटलांकडून (हो, तेच ते, 'काय झाडी'वाले!). १९९९ ला परत हजर, ते थेट २०१९ पर्यंत. मंत्रिपद मिळालं दोनदाच: १९७८ च्या पुलोदमध्ये आणि १९९९ ला विलासरावांच्या सरकारात.

आता खरा प्रश्न. या निष्ठेची किंमत सांगोल्यानं मोजली का? आमचे मामा स्वतः लाल बावट्याचे, पण तेही एकदा म्हणाले होते, "आबासाहेब काँग्रेसमध्ये गेले असते तर पाणी वीस वर्षं आधी आलं असतं."

मला हे पटत नाही. शेजारच्या जत, आटपाडीनं सत्तेतल्या पक्षाचे आमदार पुष्कळदा दिले. त्यांच्या शिवारात तरी कुठं पाणी आलं होतं? कृष्णेचं पाणी चढावर उचलून आणायचं म्हणजे अफाट खर्च, तो करायला कुणालाच घाई नव्हती. १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या, दुष्काळी तालुके एकत्र आणले. त्यात आबासाहेब पुढं होते. शिवाय बच्छावत लवादानं वाट्याला दिलेलं पाणी २००० सालाच्या आत अडवायची निकड होतीच. १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ झालं, तेव्हा गंमत म्हणजे आबासाहेब विधानसभेतच नव्हते! टेंभूचं पाणी तालुक्यात पोचायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली.

तोवर लोकांनी कमी पाण्यावर डाळिंब लावलं, आणि मत मात्र बहुतेक वेळा आबासाहेबांनाच दिलं. याचं उत्तर नुसत्या साधेपणात नसावं. गावोगाव पक्षाची माणसं होती, सूतगिरणी होती, आणि अडल्यानडल्याला आमदार भेटायचा.

२०१९ ला ते उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत ७६८ मतांनी हरला, पुन्हा शहाजीबापूंकडूनच. जुलै २०२१ मध्ये आबासाहेब गेले. २०२४ ला दुसरा नातू, बाबासाहेब, त्याच शेकापकडून निवडून आला. मामा म्हणाले, "आता बघू, हा किती दिवस टिकतोय तिथं."