रकान्यात बसणारे शब्द

सर्व्हरवर किती जागा उरली याचा अहवाल शेल स्क्रिप्टमधून काढणं हे माझं रोजचं काम. त्यात मी एको ही छपाईची साधी आज्ञा वापरत नाही, सगळी छपाई प्रिंटएफने करतो, कारण साच्यात रुंदी दिली की ती प्रत्येक गोष्ट ठरावीक घरांच्या रकान्यात बसवते. हाताखालच्या मुलांनाही तेच सांगतो, आणि का ते त्यांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

रकान्यांची ही शिस्त 1957च्या फोर्ट्रानमधली. जॉन बॅकस आणि सहकाऱ्यांनी आयबीएम 704साठी ती भाषा घडवली. तिच्या फॉरमॅट विधानात एफ10.2 लिहिलं, की आकड्याला दहा घरं मिळत, शेवटची दोन दशांशांची. शब्द छापायचा तर त्यातली अक्षरं मोजून तो आकडा एचच्या आधी लिहावा लागे. लाइन प्रिंटरला जाणाऱ्या ओळीचं पहिलं घर छापलंच जात नसे: तिथे 1 असला तर नवं पान, 0 असला तर मध्ये एक ओळ मोकळी.

केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांनी बीसीपीएल या भाषेत, छापायच्या गोष्टीची जागा दाखवणारं टक्क्याचं चिन्ह थेट मजकुरात आणलं. तिथून ते केन थॉम्प्सन यांच्या बीत, डेनिस रिची यांच्या सीत आणि 1977मध्ये ऑकमध्ये, अशा पुढच्या भाषांत गेलं.

शेलचं मात्र एकोवरच भागत होतं, आणि एकोचे दोन पंथ झाले. 1979च्या सातव्या युनिक्समध्ये ओळ न मोडता छापायची तर वजा-एन द्यायचं, बर्कलेच्या युनिक्सवाल्यांनी तेच चालू ठेवलं. सिस्टिम फाइव्ह या दुसऱ्या युनिक्सवर मजकुराच्या शेवटी उलटी तिरकी रेघ आणि सी लागे, तिथे वजा-एन दिलं तर ते जसंच्या तसं छापलं जाई. मग स्क्रिप्टा आधी एकोची जात तपासत आणि नंतर कामाला लागत. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या 1992च्या पॉसिक्स प्रमाणाने कुणाचीच बाजू घेतली नाही. एकोचं हे वागणं ज्याच्या-त्याच्यावर सोडलं आणि प्रिंटएफ ही स्वतंत्र आज्ञा प्रमाणात घेतली. माझ्या मते तो शहाणा निर्णय होता. साचा एका नावाचा दिला आणि नावं चार दिली, तर प्रिंटएफ तोच साचा चारदा वापरते. यादी छापायला याहून सोपं काही नाही.

मराठीत मात्र प्रिंटएफ अडते. बॅश हा शेल रुंदी बाइटांत मोजतो आणि युटीएफ-8मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. ‘पुणे’ म्हणजे प, उकार, ण आणि मात्रा: बारा बाइट. दहा घरं मागितली तर आज्ञेच्या हिशेबी रकाना आधीच भरलेला असतो, म्हणून ती पुढे जागा सोडतच नाही आणि आकडा नावाला चिकटतो. ग्नू ऑक चिन्हं मोजतो, तरी उकार-मात्रांना घरं देतोच. इतक्या वर्षांनंतरही हे असंच असणं मला अन्यायाचं वाटतं. हे बदलेपर्यंत मराठी नावांचा रकाना मी ओळीच्या शेवटी टाकतो, म्हणजे त्याच्या पुढे काही बसवावं लागत नाही.